घराण्याचा शोध घ्यायला मदत करणाऱ्यांचा सत्कार करायचाय, कुणाचा करावा?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी आमच्या गावच्या वाचनालयाची बैठक झाली. यंदा 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की, लोकांना आपल्या घराण्याचा माग काढून द्यायला मदत करणाऱ्या एखाद्या उपक्रमाचा सत्कार करायचा ठरलंय. वर्गणीचे 11,000 रुपये जमलेत. कुणाचा करायचा यावर कुणाचंच एकमत होईना, मग अध्यक्षांनी माझ्याकडं बोट दाखवलं. दोन वर्षांपासून मी आमची वंशावळ शोधतोय हे गावभर झालेलं आहे, बायकोच्या कृपेनं.

पार्श्वभूमी सगळ्यांना ठाऊक आहेच. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीचं उपोषण झालं, मग कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती आली, आणि निजामकाळातल्या नोंदी तपासायला सुरुवात झाली. ज्याला आज्याच्या बापाचं नाव सांगता येत नव्हतं तो माणूस तहसीलच्या व्हरांड्यात उभा राहून खासरा पत्रक, कोतवाल बुक, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर असले शब्द घडाघडा बोलायला लागला. मीही त्यातलाच. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा कुणबी दाखल्यासाठीच सुरुवात केली होती.

पण ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. तो सापडला की लोक फाइल सुतळीनं बांधून माळ्यावर टाकतात. पुढचं कुणी बघत नाही. माझं मात्र तिथून उलटंच झालं. आजोबांच्या नोंदीखाली एक ओळ होती, ती काही लागेना, आणि ती लागेना म्हणून मी आजवर अडकलोय. त्याबद्दल खाली कधीतरी.

तर प्रश्न असा की सत्काराचं माप काय धरावं? किती नोंदी शोधल्या? किती जणांना दाखले मिळवून दिले? पुस्तक छापलं का? तुमच्या भागात असं काम कोण करतंय ते सांगा. जिवंत माणसांची नावं मात्र इथं उघड लिहू नका, मला निरोपात कळवा.

बालाघाटी

सोपं आहे. कुलवृत्तांत काढणाऱ्यांचा करा. आमच्या घराण्याचा चार वर्षांपूर्वी निघाला. चारशे पानं, आर्ट पेपर, सगळ्या शाखांचे फोटो. मूळ पुरुष, गोत्र, देवक, कुलदैवत, इनामाच्या सनदा, सगळं एका जागी. असलं काम करायला दहा-दहा वर्षं जातात हो.

तेरणाकाठची

बालाघाटी दादा, राग मानू नका. त्या चारशे पानांत तुमच्या आजीचं माहेरचं नाव आहे का?

बालाघाटी

आजीचं नाव आहे की. "सौ. सरस्वतीबाई" असं आहे.

तेरणाकाठची

मी माहेरचं नाव विचारलं. असू दे. आमच्याकडंही असाच ग्रंथ आहे. त्यात माझ्या आजोबांना पाच मुलगे दाखवलेत आणि खाली "कन्या 3" असा आकडा. आकडा! तिघींपैकी एक माझी आई.

आणि हा नुसता मानापमानाचा विषय नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि तेव्हापासून वारसाच्या फेरफारापुढं जोडलेल्या वंशावळीत बहिणी गायब व्हायला लागल्या. प्रतिज्ञापत्रावर भाऊ सही करतो, तलाठ्यापुढं ठेवतो, झालं. बहिणीला कळतं तेव्हा हक्कसोडाच्या कागदावर तिचा अंगठा लागलेला असतो नाहीतर तिचं नावच नसतं. ज्या उपक्रमानं काढलेल्या वंशावळीत लेकीसुना नावानिशी आहेत, त्याचाच सत्कार करा. बाकीच्यांना नारळ देऊन वाटेला लावा.

कोरडवाहू

सत्कारात नारळच देतात ताई. शाल कपाटात जाते आणि नारळ चटणीत. 11,000 रुपयांचं काय करणार तेवढं सांगा, मग बोलू.

सीमेवरचा

मी उदगीरचा. आमच्याकडं शोधणाऱ्याची पहिली फजिती काय होते माहितीय का? तो चुकीच्या गावाला जातो.

1956 ला राज्यपुनर्रचना झाली तोवर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. मग उस्मानाबादेत आले. 1982 ला लातूर वेगळं झालं. म्हणजे आमच्या आजोबांचा एकच वाडा, जागचा न हलता, तीन जिल्ह्यांत राहून आला. जुनी नोंद बिदरला असेल, मधली धाराशिवला, नवी लातूरला. किनवटचं असंच, ते आधी आदिलाबादेत होतं. उलट मुधोळ नांदेडातून तिकडं गेलं. जालना 1981 ला झालं आणि हिंगोली 1999 ला, त्यामुळं हिंगोलीवाल्याला परभणी गाठल्याशिवाय सुटका नाही.

दुसरं, गाव कुणाचं होतं ते बघा. दिवाणीचं म्हणजे थेट सरकारचं होतं, सर्फ-ए-खासमध्ये होतं, का एखाद्या जहागीरदाराचं, पायगेचं म्हणजे निजामाच्या बड्या सरदारांचं? सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी मिळकत, तिचं दफ्तर वेगळं. जहागिरी 1949 ला बरखास्त झाल्या, त्यांचे कागद कुठं सरकारजमा झाले, कुठं वाड्यातच कुजले. लोक आठ-आठ दिवस तहसीलला खेटे घालतात आणि मग कळतं की गाव जहागिरीचं होतं. आमच्या एका शिक्षक मित्रानं तालुक्यातल्या प्रत्येक गावापुढं "1948 पूर्वी कुणाकडं" एवढी एकच माहिती लिहून यादी केलीय. साधी वही आहे, शंभर पानी. माझ्या मते तो सगळ्यात मोठा उपक्रम आहे, पण त्याला उपक्रम म्हटलं तर तो हसेल.

हेळव्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही? सीमाभागात त्यांच्यासारखी वंशावळ कुणाकडं नाही. बैल घेऊन यायचे, ओसरीवर बसून सात-आठ पिढ्या म्हणून दाखवायचे, वहीत नवी पोरं लिहून घ्यायचे, वर धान्य, कापड घ्यायचे. माझ्या लहानपणी आई सुपात ज्वारी घेऊन यायची आणि आधी विचारायची, "माझं नाव घातलंस का रे बाबा?" तो घालायचा. ताई, बघा, आर्ट पेपरवाल्यांपेक्षा तो पुढं होता.

तेरणाकाठची

दंडवत त्या हेळव्याला.

नांदेडकर_सध्या_पुणे

जगात याचं मोठं काम कुणी केलं असेल तर फॅमिलीसर्चनं. अमेरिकेत युटा राज्यात मॉर्मन चर्चची संस्था आहे, धर्माच्या कारणानं वंशावळी जमवते, पण वापरायला सगळ्यांना फुकट. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून त्यांनी मायक्रोफिल्मची तिजोरी केलीय. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांचे, म्हणजे वंशावळीच्या वह्यांचे, फोटोही त्यांनी 1970 च्या दशकापासून काढून ठेवलेत. आपल्याकडच्या नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तशाच असतात. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं की गुरुजी बाड काढतात आणि पणजोबांची स्वतःच्या हातची सही दाखवतात. माझ्या पणजोबांची मोडीतली सही मी तिथंच पाहिली. घरात त्यांचा एकही फोटो नाही. पाच मिनिटं त्या सहीवर बोट ठेवून बसलो होतो, गुरुजी म्हणाले, "पुसली जाईल, बोट काढा."

माळावरची_शाळा

सगळं वाचतोय. खासरा, सनद, तीर्थोपाध्याय, हेळवी, सगळं ज्याच्याकडं जमीन होती नाहीतर वाटेला लावायला दक्षिणा होती त्याचं. आमचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर शोधू?

माझ्या आजोबांच्या आधीचा आमच्या घराचा लेखी पुरावा म्हणजे गावकामाच्या नोंदीत बापाच्या नावाशिवाय लिहिलेलं एक नाव, पुढं जात. बस. त्यानंतरचा कागद एकदम शाळेचा. आजोबा 1950 च्या दशकात औरंगाबादला मिलिंदला शिकायला गेले. कॉलेज 1950 सालचं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पोरांतले. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगतो, त्याच्या मागं जात नाही. पण मागं जाता येत नाही म्हणून जात नाही, हे वेगळं.

आमच्या वस्तीवरच्या दोन पोरींनी मागच्या उन्हाळ्यात काय केलं बघा. म्हाताऱ्या बायांकडं गेल्या, मोबाइल समोर ठेवला, आणि जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या. ओवीत भावाचं गाव येतं, बापाचं नाव येतं, नणंदेचं नाव येतं. एकीच्या ओवीत "मानवतचा बाजार" आला, तिथून कळलं की त्यांचं माहेर तिकडचं. कागद नव्हता, ओवी होती. याला तुमच्या मापात किती गुण?

गोदाकाठ

माळावरची_शाळा, तुमच्या प्रतिसादानं माझं माप मोडलं. मी नोंदींची संख्या मोजणार होतो. आता विचार करतोय की तो मुद्दा यादीतूनच काढावा.

निरोपात ज्यांनी आपापल्या संस्थांची पत्रकं पाठवली त्यांना एक विनंती. "आम्ही हजारो कुटुंबांना लाभ दिला" असं सगळ्यांनीच लिहिलंय. एकानं दोनदा लिहिलंय. वही दाखवा, हजारो राहू द्या.

मुंशीचा_नातू

अस्सलाम, नमस्कार. परभणीहून. मी फारसा लिहीत नाही, पण धाग्याचं नाव बघून राहवलं नाही.

माझे दादाजान निवृत्त उर्दू शिक्षक, वय 84. 2023 च्या दिवाळीपासून आमच्या ओसरीवर रांग लागते. आधी शुक्रवारी नमाजनंतर बसायचे, आता मंगळवारीही. लोक जुन्या नोंदींच्या झेरॉक्स घेऊन येतात आणि दादाजान वाचून मराठीत सांगतात. पैसे घेत नाहीत. एक जण कोंबडी देऊन गेला होता, ती दादीनं पाळली.

वाचणं किती अवघड ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. निजामी दफ्तर शिकस्ता लिपीत आहे. शिकस्ता म्हणजेच मोडलेली, घाईघाईनं लिहिलेली. कारकून नुक्ते, म्हणजे अक्षराच्या वरचे-खालचे टिपके, टाकायचा कंटाळा करायचा. उर्दूत "कुनबी" लिहिलं की काफ, नून, बे, ये. यातल्या मधल्या नून आणि बेचा दात सारखाच असतो. वर एक नुक्ता टाकला तर नून, खाली एक टाकला तर बे. नुक्ते नसतील तर एक वाकडी रेघ उरते आणि तिच्यातून तुम्ही काहीही वाचू शकता. याच नुक्त्यांवर आज घरं उभी आहेत आणि याच नुक्त्यांवर भांडणं. त्यामुळं दादाजान ज्या नोंदीत शंका असेल तिथं कागदावर पेन्सिलनं "शक" लिहितात. काही जण त्यावरून चिडतात. "चाचा, एवढं पक्कं म्हणा ना." ते म्हणत नाहीत. दोघांनी तर कागद हिसकावून नेला आणि दुसऱ्याकडून पक्कं करून आणलं म्हणे.

साल लावायलाही लोक चुकतात. निजामी कागदावर बहुतेक वेळा फसली, म्हणजे महसुली साल असतं. त्यात 590 मिळवा, म्हणजे इसवी सन येतं. पण फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून लागायचं, म्हणून महिना जानेवारी किंवा त्यापुढचा असेल तर 591 मिळवायचे. 1340 फसली म्हणजे 1930-31. कुणी तेच 1340 हिजरी समजला तर 1921-22 वर जाऊन पोचतो. नऊ वर्षांचा फरक. एवढ्यात बाप लेकाच्या नंतर जन्मतो! असा एक कागद खरंच आला होता, वकिलानं तयार केलेला.

आमची स्वतःची वंशावळ विचाराल तर दादाजानच्या वडिलांपाशी थांबते. 1948 नंतर घरातले काही हैदराबादला गेले, काही कराचीला. वहीही कुणाच्या तरी ट्रंकेत गेली.

बालाघाटी

चाचांना सलाम सांगा. आमच्याकडं एक सनद आहे, कुलवृत्तांतात तिचा फक्त फोटो छापलाय, वाचन नाही. वाचणारा मिळाला नव्हता म्हणून आम्ही खाली "अत्यंत दुर्मिळ" एवढंच लिहिलं. घेऊन येऊ का परभणीला?

मुंशीचा_नातू

या. चष्मा बदलायला टाकलाय, पुढच्या मंगळवारी या.

मोडीवाली

उर्दूचं झालं, मोडीचंही बोला. गाव पातळीवरचे कितीतरी कागद मोडीत आहेत. मोडीचा कर्ता म्हणून ज्या हेमाडपंताचं नाव घेतात तो देवगिरीच्या यादवांचा मंत्री, म्हणजे आपल्याच दारचा. आणि आज दौलताबादच्या पायथ्याच्या गावात मोडी वाचणारा शोधून सापडत नाही.

मी राज्य पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षण वर्गात शिकले. मूळाक्षरं आठवड्यात येतात, कागद वाचायला वर्ष जातं. शब्दांत जागा सोडलेली नसते, आधी सलग रेघ ओढून मग खाली अक्षरं लटकवलेली असतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं. "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "जौजे" म्हणजे अमक्याची बायको, एवढं दोन शब्दांचं ओळखलं तरी निम्मी वंशावळ हाताला लागते. आता 2014 पासून मोडी युनिकोडमध्येही आहे, त्यामुळं वाचलेलं तसंच टंकून ठेवता येतं.

एक कळकळीची विनंती, सत्काराच्या निमित्तानं गावाला सांगा. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका. फार जण प्रेमापोटी करतात. प्लास्टिक गरम करून चिकटवलं की ते पुन्हा सुटत नाही, आत कागद पिवळा पडत जातो, शाई फुटते, आणि आपल्याला काही करता येत नाही. उजेडात, फ्लॅश न लावता, सरळ वरून फोटो घ्या. आधी रजिस्टरच्या मुखपृष्ठाचा, मग पानाचा, पानाचा आकडा दिसेल असा. नुसत्या ओळीचा फोटो घेऊन येतात लोक. ती ओळ कुठल्या गावच्या, कुठल्या सालच्या वहीतली हेच त्यांना माहीत नसतं.

कोरडवाहू

एका ठिकाणी (नाव सांगत नाही) मी खोलीचं कुलूप उघडायला तीन आठवडे थांबलो. किल्ली ज्याच्याकडं होती तो रजेवर. उघडलं तर वाळवीनं मधला गठ्ठा असा खाल्लेला की वरून रजिस्टर, आतून माती. हात लावला की पुठ्ठा दबला. आमचं गाव त्याच गठ्ठ्यात होतं. त्यानंतर मी शोधायचं सोडलं. म्हणून विचारतोय, सत्कार कशाला? त्या 11,000 मध्ये कडुनिंबाचा पाला, लोखंडी मांडणी आणि एक इमानदार माणूस बसवा.

सीमेवरचा

इमानदार माणूस 11,000 मध्ये? बाजारभाव बघून बोला बापू.

तेरणाकाठची

एक काळजी मांडते. हे सगळे कागद फोटो काढून कुठंतरी सगळ्यांना खुले करणार असाल तर जिवंत माणसांचं काय? माझ्या मामीचं दुसरं लग्न, मोहतूर लागलेलं. घरात कुणी बोलत नाही. एका दुसऱ्या घरात दत्तकाला अजून सांगितलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणी वंशावळीची पीडीएफ टाकली आणि दुपारपर्यंत ती पाचशे फोनवर गेली, हे मी पाहिलंय. गेलेल्यांचं लिहा, असलेल्यांना विचारून लिहा.

गोदाकाठ

ताईंचं हे मी मुद्दा म्हणून नोंदवलंय. बाकी मापाचं आता असं करतोय: ज्याच्याकडं गेलेला माणूस परत जाताना स्वतः थोडं वाचायला शिकून गेला, तो उपक्रम पुढं. ज्याच्याकडं शंका लिहून देतात, तो आणखी पुढं. समितीत अजून भांडण आहे. अध्यक्षांना आर्ट पेपर आवडतो.

मुंशीचा_नातू, तुमच्या दादाजानना विचारा, सत्कार घेतील का? आणि ओव्या जमवणाऱ्या दोघींनाही निरोप द्या कुणीतरी.

मुंशीचा_नातू

विचारलं. म्हणाले, "शाल मत लाओ, गर्मी होती है." मग थोड्या वेळानं म्हणाले, नुक्ते दिसतील असा भिंगाचा दिवा मिळतो म्हणे, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं असतो तसा, तो मिळाला तर बघा. उरलेल्या पैशात महिन्यातून एक रविवार तुमच्या वाचनालयात गाडीभाडं. पोरांना बसवा, शिकवतो म्हणाले. बारा पोरं हवीत, कमी नको.

माळावरची_शाळा

दोन तर नक्की आल्या. ओव्यावाल्या. उर्दू शिकायचं म्हणतायत.

गोदाकाठ

दिव्याचं पक्कं. अध्यक्षांना मी बघतो.

आता माझी ती ओळ. मोडीवाली ताईंनी सांगितलं तसा मुखपृष्ठासकट फोटो टाकतोय. गाव पाथरी भागातलं, रजिस्टर 1340 फसली. वरच्या ओळीत आजोबांचं नाव सगळ्यांनी सारखंच वाचलं. खाली जे आहे ते तिघांनी तीन तऱ्हांनी वाचलं. एकानं "बाई", एकानं "पाटी", तिसऱ्यानं शाईचा डाग.

मुंशीचा_नातू

दादाजाननी भिंग घेऊन अर्धा तास पाहिलं. डाग नाही. "बाई" आणि "ताई" उर्दूत सारखंच लिहितात, फरक फक्त नुक्त्यांचा. खाली एक असला तर बाई, वर दोन असले तर ताई. तुमच्या फोटोत वरती दोन बारीक टिपके आहेत, कागदाच्या सुरकुतीत गेलेत म्हणून दिसत नाहीत. पुढचा शब्द "दुख्तर", म्हणजे मुलगी, त्याच बापाची. तुमच्या आजोबांना ताई नावाची बहीण असावी. पेन्सिलनं "शक" लिहिलंय, पण हलकं लिहिलंय.

गोदाकाठ

वडिलांना फोन केला. आधी नाही म्हणाले. मग पंधरा मिनिटांनी त्यांचाच उलटा फोन आला. लहानपणी घरात एक म्हातारी दिवाळीला यायची, सगळे तिला ताईआत्या म्हणायचे, ते तिचं नाव असेल असं कुणाला वाटलंच नाही. जिंतूरकडं दिली होती. एकदा भावाशी शेतावरून काही झालं आणि यायची बंद झाली.

शनिवारी जिंतूरला निघतोय. तिकडची जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं कुठं बघायला मिळतात, कुणाला माहिती आहे का?

कोरडवाहू

मी जिंतूरचाच. किल्लीवाला सध्या रजेवर नाही, आजच बघितला. शनिवारी दहाच्या आत या, चहा घेऊन सोबत जाऊ.